खानापूर, हलशी, कित्तूर आणि शेवटी बेळगाव: एकट्याने गाडी चालवणाऱ्यासाठी रस्त्याचा आढावा

गाडीत एकच माणूस असला की नकाशा त्यानंच बघायचा, टोलवर खिडकी त्यानंच उतरवायची, खड्डाही त्यालाच दिसायला हवा आणि पंक्चर झालं तर जॅकही त्यानंच लावायचा. म्हणून एकट्याच्या सहलीचा रस्ता निवडताना किती ठिकाणं बघून होतात हे नंतर मोजावं. रस्ता चालकाला किती दमवतो आणि किती वेळा गोंधळात टाकतो, हे आधी बघावं. या कसोटीवर बेळगाव, खानापूर, नंदगड, हलशी, बिडी, कित्तूर आणि परत बेळगाव हा फेरा फार वरचा ठरतो. सगळा मिळून साधारण सव्वाशे किलोमीटर. वळणं लक्षात राहतील इतकीच. थोड्या थोड्या अंतरावर माणसांचं गाव लागतं आणि खानापूर तालुक्यात मराठीत विचारलं तर मराठीतच उत्तर मिळतं. चोर्ला घाट आणि गोकाकचा धबधबा यांचं नाव मोठं आहे, पण पहिल्यांदा एकट्याने गाडी काढणाऱ्याला मी आधी हलशीच सांगेन.

फेरा खानापूरच्या बाजूनं सुरू करावा, कित्तूरच्या बाजूनं नव्हे. अरुंद गावरस्ते सकाळी मोकळे असतात आणि दिवसभराचा थकवा चढल्यावर परतीला राष्ट्रीय महामार्ग ४८ मिळतो. उलटं गेलात तर बिडी-नंदगडच्या रस्त्यावर संध्याकाळ होते, आणि नेमक्या त्याच वेळी उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात. एक अडचण मात्र या दिशेलाही आहे: कित्तूरहून बेळगावकडे येताना गाडीचं तोंड वायव्येला असतं, त्यामुळे पाचनंतर सूर्य थेट काचेत येतो. चारच्या सुमारास कित्तूर सोडावं. पुढची काच आतून ओल्या कापडानं आणि मग कोरड्या कापडानं पुसून ठेवावी, कारण आतल्या बाजूला साचलेला तेलकट थरच त्या उन्हात चमकतो आणि समोरचं काही दिसेनासं होतं.

बेळगावातून साडेसहाच्या आत निघालेलं बरं. उद्यमबाग, पिरनवाडी, मच्छे हा कारखान्यांचा पट्टा आहे. पाळी सुटायच्या आणि सुरू व्हायच्या वेळेला तिथं दुचाकी आणि कंपनीच्या बसगाड्यांची इतकी दाटी होते की सात-आठ किलोमीटरला अर्धा तास जातो. त्यापुढे महामार्ग ७४८ चांगला आहे. वाटेत गणेबैलचा टोल लागतो, फास्टॅगमध्ये शिल्लक हवी. बेळगाव ते खानापूर सुमारे २६ किलोमीटर. महामार्ग गावाबाहेरून जातो, म्हणून खानापूरचा फाटा चुकवू नका. टाकी इथंच भरून घ्या. पुढे आत पंप मिळेलच या भरवशावर राहू नये. पंधराचं अॅव्हरेज देणाऱ्या गाडीला अख्ख्या फेऱ्याला आठ-नऊ लिटर पुरतं, पण जंगलाकडचा फाटा चुकला तर वीस-पंचवीस किलोमीटर सहज वाढतात.

खानापुरात मलप्रभेचा काठ आहे, आणि जवळच असोगा इथं नदीकाठी देऊळ आणि खडकाळ पात्र आहे. अर्धा तास बसायला जागा उत्तम. एकट्यानं पाण्यात मात्र उतरू नये. खडकांमध्ये डोह आहेत आणि वरून त्यांची खोली कळत नाही. खानापूरची माती कुंभारकामासाठी नावाजलेली, खादी आयोगाची ग्रामीण कुंभारकामाची संस्थाही इथं आहे. वाटेत मातीची भांडी घ्यावीशी वाटली तर डिकीत टाकू नका, मागच्या सीटच्या पायाशी कपड्यांत गुंडाळून ठेवा. पुढच्या गतिरोधकांवर डिकीतली भांडी टिकत नाहीत.

नंदगडला संगोळ्ळी रायण्णांची समाधी आहे. कित्तूरच्या राणी चन्नम्मांच्या या शिलेदाराला इंग्रजांनी २६ जानेवारी १८३१ रोजी इथंच फाशी दिलं. दर्शनाला वीस मिनिटं पुरतात, गाडी बाहेर सावलीत लागते. गावातून बाहेर पडताना हलशीचा रस्ता विचारूनच घ्या. पाट्या कानडीत आहेत आणि मोबाइलचा नकाशा शेतातला बैलगाडीचा रस्ताही जवळचा म्हणून दाखवतो. खानापूर ते हलशी साधारण १४ किलोमीटर. नकाशानं दहा मिनिटं वाचवून दाखवली तर तो रस्ता घेऊ नका.

हलशीसाठी दोन तास ठेवा. या सबंध फेऱ्यात सर्वात जास्त मोल या गावाला आहे आणि त्या मानानं इथं गर्दी अगदीच थोडी असते. बनवासीच्या कदंबांच्या काळात हे पलाशिका, म्हणजे त्यांची दुसरी राजधानी. पुढे गोव्याच्या कदंबांनी बाराव्या शतकात इथं भूवराह नरसिंह मंदिर उभं केलं. मंदिराची रचना वेगळी आहे: दोन गर्भगृहं समोरासमोर, मध्ये मंडप. एका बाजूला बसलेला विष्णू, दुसऱ्या बाजूला पृथ्वीला उचलून धरणारा वराह. मंडपाच्या मध्यभागी उभं राहिलं तर दोन्हीकडचं दर्शन घडतं. सकाळी दहाच्या आत गेलात तर उजेड आत येतो, दुपारी गाभारा अंधारा वाटतो. गावात कल्मेश्वर आणि सुवर्णेश्वर अशी आणखी जुनी देवळं आहेत. शेजारच्या टेकडीवर रामतीर्थ आहे. गाडी मंदिराच्या पुढ्यापर्यंत नेऊ नका. गल्ली अरुंद आहे, वळवायला जागा मिळत नाही, आणि मागे बघून सांगणारं गाडीत कुणी नसतं. गावाच्या तोंडाशी, बस वळते त्या जागेला अडथळा होणार नाही अशी लावा आणि चालत जा.

हलशी ते कित्तूर सुमारे २५ किलोमीटर, बिडीमार्गे. हा तुकडा रस्ता म्हणून सर्वात रोडावलेला आहे, आणि त्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं.

डांबर एका गाडीपुरतं आणि वर थोडंसं. साइडपट्टी पावसानं खचलेली, त्यामुळे डांबराची कड आणि माती यांत चार-सहा इंचांचा फरक पडलेला असतो. समोरून बस आली की डावी चाकं खाली उतरवावीच लागतात. इथं चूक होते ती परत वर येताना: वेग न मोडता स्टिअरिंग उजवीकडे ओढलं की टायरची बाजू कडेला घासत वर चढते आणि चिरते. बाजूची चीर कुठलाच पंक्चरवाला नीट जोडून देत नाही, टायर बदलावाच लागतो. म्हणून बस दिसताच आधीच वेग पंधरा-वीसवर आणा, चाकं सरळ खाली उतरवा, बस जाऊ द्या, आणि कड जिथं बुजलेली आहे तिथून हळू, थोड्या तिरक्या कोनात वर या. खूण नसलेले गतिरोधक हा दुसरा त्रास. रंग उडालेला असतो आणि पाटीही नसते. शाळा, देऊळ, दूध डेअरी यांपैकी काहीही दिसलं की गतिरोधक आहे असं समजूनच चालावं. सुगीत रस्त्यावर भात, सोयाबीन किंवा ज्वारी मळणीला पसरलेली असते. त्यावर जोरात ब्रेक दाबला तर गाडी घसरते, आणि सुक्या काड्या गाडीखाली अडकून सायलेन्सरला लागल्या तर पेट घेऊ शकतात. ढिगावरून गेलात तर पुढे थांबून खाली वाकून बघा.

उसाचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते मार्च. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही अंगांना बाहेर आलेला, मागे दिवा नसतोच, असला तर चिखलानं झाकलेला. अंधारात तो तीस मीटरवर आल्याशिवाय दिसत नाही. त्याला ओलांडताना ट्रॉली दोन आहेत हे धरूनच अंतर मोजा. पुढची ट्रॉली संपली म्हणून आत घुसलं की दुसरी शेजारी असते. हंगामात एकट्यानं सूर्यास्तानंतर या रस्त्यावर असूच नये, हे मी अगदी आग्रहानं सांगतो.

बिडीच्या पुढे बोली बदलत जाते. हळूहळू मराठीपेक्षा कानडी जास्त कानावर पडते. मराठी समजणारी माणसं भेटतात, पण रस्ता विचारताना तीन शब्द पाठ असले की काम भागतं: एडक्के म्हणजे डावीकडे, बलक्के म्हणजे उजवीकडे, सीदा म्हणजे सरळ. वडीलधाऱ्यांना ‘अण्णा’, बाईमाणसाला ‘अक्का’ म्हणून विचारलं की माणसं वेळ काढून सांगतात. गाडी बंद करून, काच पूर्ण खाली घेऊन विचारावं. पाट्यांवर आणि नकाशात बेळगावी, हुब्बळ्ळी, हलसी अशी नावं दिसतील. बेळगाव आणि हुबळीची अधिकृत नावं २०१४ च्या नोव्हेंबरात बदलली, त्यामुळे शोधताना पाटीवरची नावं टाका.

कित्तूरपासून सुमारे ५ किलोमीटरवर देगाव आहे. तिथलं कमल नारायण मंदिर बहुतेक जण सोडून पुढे जातात, ते सोडू नये. कदंब राजा शिवचित्त पेर्माडीच्या राणीनं, कमलादेवीनं, बाराव्या शतकात ते बांधवून घेतलं. शिल्पी तिप्पोज. तीन गर्भगृहं एका ओळीत आहेत आणि मंडपाच्या छतावरचं कोरीवकाम मान वर करून बघण्याजोगं आहे. अर्धा-पाऊण तास पुरे.

कित्तूरचा किल्ला पडका आहे, पण वाड्याच्या भिंती, न्हाणीघरं आणि पाण्याची व्यवस्था अजून समजते. ऑक्टोबर १८२४ मध्ये चन्नम्मांच्या फौजेनं धारवाडचा कलेक्टर थॅकरे याला इथं ठार केलं. किल्ल्यातलं संग्रहालय छोटं पण नीट ठेवलेलं आहे. ऑक्टोबरच्या २३ ते २५ या दिवसांत कित्तूर उत्सव असतो. तेव्हा गाडी घेऊन येऊ नका, गावात शिरताच येत नाही. जेवण कित्तूरच्या बाजूला एखाद्या साध्या खानावळीत करावं: ज्वारीची भाकरी, भरली वांगी, मटकीची उसळ, शेंगदाण्याची चटणी, ताक. भाकरी गरम आणि पातळ मिळते, वाढपी न विचारता दुसरी टाकतो. पुढे तासभर महामार्गावर गाडी चालवायची आहे, म्हणून भात टाळा. एकट्या चालकाला दुपारची झोप ही या सहलीतली सर्वात मोठी जोखीम आहे, आणि तिच्यावर चहा हा उपाय पुरत नाही. डोळे जड झाले तर पेट्रोल पंपाच्या आवारात सावलीला गाडी लावून वीस मिनिटं डुलकी काढावी. काच बोटभर उघडी ठेवा, इंजिन बंद ठेवा. परतीला सुमारे पन्नास किलोमीटरचा महामार्ग, वाटेत हिरेबागेवाडीचा टोल.

दुसऱ्या दिवसासाठी जांबोटी आणि कणकुंबी. बेळगाव ते कणकुंबी एकमार्गी सुमारे ५० किलोमीटर, जंगलातून. कणकुंबीला माउलीचं देऊळ आणि मलप्रभेचा उगम आहे. जांबोटीजवळ हब्बनहट्टीचा मारुती नदीच्या पात्रात आहे, पावसाळ्यात तो पाण्याखाली जातो. एकट्या माणसानं कणकुंबीहून मागे फिरावं असं माझं स्पष्ट मत आहे. पुढे गोव्याकडे उतरणारा चोर्ला घाट सुंदर आहे, पण जून ते सप्टेंबर तिथं धुकं, पडलेली झाडं आणि सतत पाऊस असतो. वळणावर मदत लागली तर मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही. धुक्यात लहान दिवेच लावा, मोठे दिवे धुक्यावरून परत डोळ्यांत येतात. चालत्या गाडीला चारही इंडिकेटर लावू नका, मागच्याला तुम्ही थांबलात की वळताय ते कळत नाही. काचेवर वाफ धरली तर एसी चालू करून वारा पुढच्या काचेवर सोडा, नुसता ब्लोअर पुरत नाही. वज्रपोहा धबधब्याची चित्रं सगळीकडे फिरतात. तिथं जंगलातून पायी जावं लागतं, वनखात्याची परवानगी लागते आणि पावसाळ्यात बंदी घातली जाते. एकट्याच्या सहलीत ते बसत नाही. भीमगड अभयारण्यातून जाणारा हेम्माडग्याचा रस्ताही रात्री टाळावा. गवे रस्त्यात येतात, अस्वलंही आहेत. गवा दिसला तर हॉर्न वाजवू नका, दिवे मिचकावू नका. मागे थांबा, कळप पूर्ण जाऊ द्या. एक ओलांडला की मागे दुसरा असतोच.

गाडी भाड्यानं घेऊन येणाऱ्यांसाठी. स्वतः चालवायला भाड्यानं दिलेल्या गाडीची नंबर पाटी काळी आणि अक्षरं पिवळी असतात. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी कुणी भाड्यानं देत असेल तर स्वस्त असली तरी घेऊ नका. अपघात झाला तर विमा कंपनी भरपाई नाकारू शकते आणि तपासणीत गाडी अडकते. परराज्यातली गाडी असेल तर कर्नाटकात चालवायची परवानगी कागदावर आहे का ते विचारा. ताबा घेताना चारही बाजूंचं, छताचं आणि चारही टायरच्या बाजूंचं चित्रीकरण करून घ्या. डिकी उघडून जादा चाक बोटानं दाबून बघा, जॅक आणि पाना खरंच आहेत का ते बघा, नट एकदा सैल होतात का तेही तिथंच पाहा. यंत्रानं आवळलेले नट हातच्या पान्यानं निघत नाहीत, हे जंगलात कळण्यापेक्षा तिथं कळलेलं बरं. टायर आणि गाडीच्या पोटाला झालेलं नुकसान बहुतेक करारांत गिऱ्हाइकाच्या माथी असतं. या रस्त्यांवर नुकसान व्हायचं तर तिथंच होतं, म्हणून ते कलम वाचूनच सही करा. लहान गाडी पुरते, मात्र पोटाखाली १७० मिलिमीटरच्या आसपास उंची असावी. सोबत ट्यूबलेस पंक्चरचा संच आणि गाडीच्या सॉकेटवर चालणारा हवेचा पंप ठेवा. खिळा काढला की कानसीच्या सुईनं भोक साफ करायचं, चिकट दोरी अर्धी आत ढकलून सुई झटक्यात ओढायची, उरलेली दोरी थोडी ठेवून कापायची, दारावरच्या पट्टीवर लिहिलेली हवा भरायची. दहा किलोमीटरनंतर हवा पुन्हा बघायची. पंप चालवताना इंजिन सुरू ठेवा, नाहीतर बॅटरी उतरते.

तिसरा दिवस शहराचा, आणि त्या दिवशी गाडी शक्यतो हलवू नये. गणपत गल्ली, मारुती गल्ली, खडे बाजार, रामदेव गल्ली हे सगळं पायी बघायचं आहे. अरुंद रस्ते, एकेरी वाहतूक, हातगाड्या. नवखा चालक तिथं शिरला की बाहेर पडायला अर्धा तास लागतो. शनिवारी बाजाराच्या दिवशी तर विचारच नको. लॉज निवडताना खोलीपेक्षा आधी गाडी कुठं लागते ते विचारा: आवारात की रस्त्यावर, आणि सकाळी सहाला निघायचं तर मागे दुसऱ्याची गाडी आडवी असते का. टिळकवाडीत राहिलात तर रेल्वे गेटचा वेळ धरून चाला.

किल्ला कॅम्पच्या बाजूला आहे. १२०४ मध्ये रट्ट घराण्याच्या बिचिराजानं बांधला. आत कमल बसदी हे जैन मंदिर, सफा मशीद आणि रामकृष्ण आश्रम. १८९२ मध्ये स्वामी विवेकानंद बेळगावात राहिले होते, त्यांतले काही दिवस ज्या घरात काढले तेच आता आश्रमात आहे. कमल बसदीचं कमळाच्या आकाराचं छत दिव्याशिवाय नीट दिसत नाही, तिथल्या माणसाला विनंती करा. परिसर लष्कराचा आहे, देवळं सोडून इतरत्र कॅमेरा काढू नका. टिळकवाडीत १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनाची आठवण, काँग्रेस विहीर. गांधीजी अध्यक्ष असलेलं ते एकमेव अधिवेशन, त्यामुळे इथं थांबायलाच हवं. संध्याकाळी राजहंसगड: येळ्ळूरच्या वर, गाडी गडाजवळपर्यंत जाते, शेवटचा चढ पहिल्या गिअरवर घ्यायचा आणि उतरतानाही त्याच गिअरवर उतरायचं. ब्रेकवर पाय ठेवून उतरलात तर खाली येईपर्यंत ब्रेक तापतात.

खरेदीत गाडीचा विचार करा. कुंदा दूध आटवून आणि साखर करपवून केलेला असतो, तापलेल्या बंद गाडीत तो एका दुपारीत आंबूस होतो. निघायच्या सकाळीच घ्या, आजचा आहे का विचारा, पाव किलोचे डबे घ्या, मोठा डबा उघडला की लवकर खराब होतो. मांडे पापडासारखे चुरतात, ते शेजारच्या रिकाम्या सीटवर आडवे ठेवायचे, वर काही ठेवायचं नाही. एकट्याच्या सहलीचा तेवढा फायदा तरी घ्यावा. गोकाकचं कर्दंट डिंक, सुकामेवा आणि गुळाचं. ते उन्हाला दाद देत नाही, त्यामुळे लांबच्या परतीसाठी तेच सर्वात भरवशाचं.

तारखा ठरवताना काही दिवस वगळा. १ नोव्हेंबरला शहरातले मुख्य रस्ते मिरवणुकांमुळे बंद असतात आणि वातावरण तापलेलं असतं. डिसेंबरात इथल्या सुवर्णसौधात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरतं तेव्हा महामार्गावर अडथळे लागतात. सीमाप्रश्नावरून काही घडलं तर महाराष्ट्राच्या पाटीची गाडी निपाणीच्या अलीकडेच अडकू शकते, निघण्याआधी बातम्या बघा. शिवजयंतीचे चित्ररथ आणि अनंत चतुर्दशीचं विसर्जन बघायला जरूर या, पण त्या रात्री मध्यवस्तीत गाडी बाहेर काढता येणार नाही असं धरूनच राहा. एरवी ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ उत्तम. भात कापणीला आलेलं असताना खानापूरचा पट्टा सर्वात देखणा असतो, मात्र पावसानं उखडलेले रस्ते तोवर बुजवलेले नसतात. नोव्हेंबरच्या शेवटी खड्डे कमी, ट्रॉल्या जास्त.

चौथा दिवस हाताशी असेल आणि महिना ऑगस्ट-सप्टेंबर असेल तर गोकाक. बेळगावहून सुमारे ६० किलोमीटर, घटप्रभा ५२ मीटरवरून कोसळते, पाणी मातीच्या रंगाचं. उन्हाळ्यात जाऊ नका, नुसते खडक दिसतात. खडकांवरचं शेवाळ ओलं असताना कड्याजवळ जायचं नाही. झुलत्या पुलावर सोडत नसतील तर हुज्जत घालू नका, पाणी वाढलं की तो बंदच ठेवतात.